किडनी बेल्ट घ्यायचा का? नाशिकच्या नवीन रायडरसाठी, एक पट्टा वाया घालवलेल्याकडून

पहिल्यांदा किडनी बेल्ट (बाइक चालवताना कमरेला आवळायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा) लावला तेव्हा मी तो उलटा लावला होता. पाथर्डी फाट्यावर पहाटे साडेपाचला सगळे जमलेले, डिसेंबर महिना, तोंडातून वाफा निघतायत, आणि ग्रुपमधला एक दादा माझ्या कमरेकडे बघून म्हणतो, "अरे नाव वाचायला आम्ही डोक्यावर उभं राहायचं का?" बघतो तर कंपनीचं नाव खाली डोकं वर पाय. तरी मी म्हटलं राहू दे, आता कोण जॅकेट काढून परत लावतंय, आणि तसाच कसारा घाटापर्यंत गेलो. घोटीला थांबलो तेव्हा बरगड्यांखाली दोन्ही बाजूंनी लाल वळ उठले होते.

त्यानंतर चारेक वर्षं झाली. एक पट्टा वाया घालवला, दुसरा नीट माप घेऊन घेतला, मध्ये एकदा खरंच किडनीचं दुखणं काढलं (ते पट्ट्याने थांबलं नसतं, सांगतो पुढे). आता ग्रुपमध्ये नवीन पोरं आली की पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न येतो, की दादा, किडनी बेल्ट लागतोच का, घरचे म्हणतात गाडीच्या गचक्यांनी किडनी हलते. दर वेळी तेच बोलून कंटाळलो म्हणून एकदाच लिहून टाकतो.

घाईत असाल तर एवढंच घ्या: लागतोच असं नाही. कायद्याने तर नाहीच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ मध्ये सक्ती आहे ती हेल्मेटची, आणि ती मागे बसणाऱ्यालाही आहे. पट्ट्याबद्दल कुठला पोलीस तुम्हाला विचारणार नाही. काही जणांना त्याचा खरंच उपयोग होतो, पण तो किडनीसाठी कमी आणि कमरेसाठी जास्त. आणि पट्ट्याआधी तीन-चार फुकटातली कामं आहेत, ती न करता पट्टा घेतलात तर माझ्यासारखंच होईल.

१. आधी किडनी कुठे असते ते हात लावून बघा

उभे राहा, दोन्ही हात कमरेवर, अंगठे मागे. आता अंगठे वर सरकवत शेवटच्या बरगडीला लावा. मूत्रपिंडं साधारण तिथे असतात, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, पाठीकडे, आणि त्यांचा वरचा भाग शेवटच्या दोन बरगड्यांच्या आड असतो. उजवं थोडं खाली, कारण त्याच्या वर लिव्हर बसलेलं असतं. भोवती चरबीची गादी असते, मागे पाठीचे जाड स्नायू. म्हणजे निसर्गाने पॅकिंग बऱ्यापैकी केलेलं आहे.

आता पट्टा लावून बघा. तो बसतो कमरेच्या हाडापासून वर, म्हणजे बराचसा किडनीच्या खालीच. नावात किडनी आहे म्हणून तो किडनीला धरून ठेवतो असं काही नसतं. साध्या रस्त्यावर, चांगल्या शॉकअपच्या गाडीवर बसून किडनी "हलली" किंवा "सरकली" असं होत नाही, हे मी आईला अजून पटवू शकलेलो नाही, तुम्ही तुमच्या आईला पटवून बघा.

२. मग हे नाव आलं कुठून

जुन्या मोटारसायकलींना मागे सस्पेन्शनच नसायचं. मागचं चाक थेट चासीला, जी काही स्प्रिंग ती सीटखाली. रस्ते कच्चे. रस्त्यातला प्रत्येक दगड सरळ तुमच्या मणक्यात. त्या काळातले रायडर कमरेला रुंद चामडी पट्टा आवळून बसायचे, म्हणजे पोट आणि कंबर एकत्र बांधल्यासारखी राहायची आणि दिवसभराची आदळआपट सोसवायची. आपल्या सगळ्यांच्या लाडक्या बुलेटला मागे स्विंगआर्म (मागचं चाक वरखाली होऊ देणारा दांडा) आला तो १९४९ च्या मॉडेलपासून, आणि तेव्हा ती मोठी गोष्ट होती, यावरून अंदाज घ्या.

जर्मनीत आजही हा पट्टा बरेच लोक वापरतात, तिकडे त्याला नीरेनगुर्ट म्हणतात, म्हणजे शब्दशः किडनीचा पट्टाच. तिकडचं मोठं कारण थंडी. जॅकेट वर सरकतं, पॅंट खाली सरकते, मधल्या फटीतून वारा शिरतो, आणि कंबर एकदा गारठली की आखडते. तिसरे वापरणारे म्हणजे मोटोक्रॉस आणि एन्ड्युरोवाले, कच्च्या रस्त्यावर गाडी घेऊन उड्या मारणारे. त्यांना पोटाला आधार लागतोच.

म्हणजे बिनसस्पेन्शनची गाडी, कडाक्याची थंडी आणि उड्या. यातलं तुमच्याकडे काय आहे, ते आता बघू.

३. तुम्ही यातल्या कशात बसता ते ठरवा

सातपूर किंवा अंबडला कंपनीत जाता, घर सिडको नाहीतर इंदिरानगर, रोजचे वीस-पंचवीस किलोमीटर: पट्टा नको. द्वारकेच्या ट्रॅफिकमध्ये कंबर दुखत असेल तर त्याला पट्टा काय करणार. ते क्लच दाबून दाबून आणि अर्धा अर्धा तास वाकून बसून होतं.

रविवारी त्र्यंबक, गंगापूर धरण, मिसळ खाऊन परत: नको. त्र्यंबक तीसेक किलोमीटर, पट्टा गरम व्हायच्या आत पोचता.

वणीचा गड, सापुतारा, भंडारदरा, एका दिवसात दीडशे-दोनशे किलोमीटर: इथे तुमच्या कमरेवर आहे. आधी कधी कंबर दुखलेली असेल, वय चाळिशीकडे असेल, गाडी कडक असेल तर फरक पडतो. मला पडतो. माझ्याबरोबर जाणारा बावीस वर्षांचा पोरगा पट्ट्याशिवाय माझ्यापेक्षा ताजा उतरतो, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही.

हरसूल, पेठ, सुरगाण्याकडचे आतले रस्ते, पावसाळ्यानंतरचे: इथे घ्या, उपयोगी आहे. आणि हिवाळ्यात पहाटे निफाड-येवल्याच्या बाजूला जाणारे असाल तर थंडीसाठीच घ्या. निफाडचा पारा कुठे जातो ते दरवर्षी पेपरात येतंच, त्यात सत्तर-ऐंशीच्या स्पीडचा वारा मिळवा.

एक राहिलं. गरोदर बाई, हर्निया असलेला माणूस, पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेला: यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय पोटावर काहीही आवळायचं नाही. आणि मणक्याची गादी सरकलेली असेल तर "पट्टा लावून जातो" असं स्वतःच ठरवू नका.

४. पट्ट्याच्या आधी गाडी

हे जर मला कोणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या पट्ट्याचे साडेसहाशे रुपये वाचले असते.

हवा. स्विंगआर्मवर किंवा चेनकव्हरवर स्टिकर असतो, त्यावर पुढचं-मागचं प्रेशर लिहिलेलं असतं, एकट्यासाठी वेगळं, डबलसीटसाठी वेगळं. पंक्चरवाला न विचारता पस्तीस-चाळीस भरून देतो, "दादा, कडक राहू द्या, पंक्चर होत नाही." तो कडकपणा तुमच्या कमरेत जातो. टायर गार असताना चेक करा, पेट्रोलपंपावर वीस किलोमीटर चालवून गेल्यावर आकडा जास्तच दाखवणार.

शॉकअप. मागे दोन शॉकअपवाली गाडी असेल तर खाली खाचा असलेली रिंग दिसते. टूलकिटमध्ये एक वाकडा पाना असतो ज्याचा उपयोग काय हे कुणालाच माहीत नसतं, तो याच्यासाठी. माझी गाडी मी सेकंडहॅंड घेतली, आधीचा मालक बायको, मुलगा आणि गॅस सिलिंडर सगळं घेऊन फिरायचा बहुतेक, कारण रिंग सगळ्यात कडक खाचेवर होती. मी एकटा, वजन बासष्ट. दोन वर्षं मी त्या लाकडी पाटावर बसून फिरलो आणि कंबर दुखते म्हणून पट्टा घेतला! मित्राच्या गॅरेजमध्ये रिंग दोन खाचा मऊ केली, पाच मिनिटं लागली, आणि गंगापूर रोडवरचे स्पीडब्रेकर अचानक अर्ध्या उंचीचे झाले. डबलसीट जाताना परत कडक करायची, हे विसरू नका, नाहीतर खड्ड्यात खाली आपटते.

बसणं. हॅंडल लांब असेल तर आपण पुढे वाकून कमरेतून गोल होतो, तासाभराने तिथेच दुखतं. टाकीला गुडघे लावून बसा, वजन थोडं पायांवर घ्या, कोपरं ढिली सोडा. आणि खड्डा चुकवता येत नसेल तर फुटरेस्टवर दाब देऊन बूड दोन बोटं उचला, गुडघ्यांना शॉकअप बनवा. हे एक जमलं की पट्ट्याचं निम्मं काम झालं. सध्या शहरात २०२७ च्या कुंभमेळ्याची कामं चाललीत, रस्ते खोदलेले आहेत, सराव करायला जागा शोधावी लागणार नाही.

थांबणं. तासाने थांबा. चहा नसेल प्यायचा तर नुसते उतरून चाला.

५. आता खऱ्या किडनीबद्दल

एप्रिलमध्ये आम्ही भंडारदरा करून आलो, ऊन मी म्हणत होतं. माझी सवय अशी की राइडला पाणी कमी प्यायचं, कारण मग थांबावं लागतं, आणि थांबलं की ग्रुप पुढे जातो. दिवसभरात एक बाटली, वर तीन चहा. असं मी दर राइडला करायचो. त्या रात्री दोनच्या सुमारास डाव्या कुशीत कळ आली ती खाली जांघेपर्यंत. झोपता येईना, बसता येईना, मी हॉलमध्ये येरझारा घालतोय आणि आई देवघरासमोर बसून म्हणतेय, सांगत होते तुला, त्या गाडीने किडनी हलली.

सकाळी सोनोग्राफी. मुतखडा, चार मिलिमीटर. मी डॉक्टरांना पट्टा दाखवून विचारलं की मी तर किडनी बेल्ट लावतो तरी कसं काय. डॉक्टर पट्टा हातात घेऊन बघत बसले, आणि मग म्हणाले, "हा राहू द्या, दिवसात पाणी किती पिता ते सांगा." चार मिलिमीटरचा खडा गोळ्या आणि पाण्यानेच पडला, पण ती रात्र मी विसरणार नाही.

साधं आहे. उन्हात जॅकेट घालून घाम प्रचंड जातो, वाऱ्याने तो लगेच सुकतो म्हणून कळत नाही. लघवी घट्ट होते, त्यात क्षार जमतात, खडा धरतो. म्हणून पाण्याची बाटली हाताशी येईल अशी ठेवा, टॅंकबॅगमध्ये किंवा नळीवाली पिशवी पाठीला. दर थांब्याला चार-पाच घोट. लघवीचा रंग फिका पिवळा असेल तर ठीक, गडद दिसला तर पाणी कमी पडतंय. आणि दाबून ठेवू नका. बायकांना हायवेवर चांगली जागा मिळत नाही हे खरंच आहे, त्यामुळे ग्रुपमध्ये मुली असतील तर थांबा पेट्रोलपंप किंवा बऱ्या हॉटेलवर ठेवायचा, टपरीवर नाही. याची जबाबदारी पुढच्या रायडरची.

आणखी एक सापळा, हा जास्त वाईट. कंबर दुखू नये म्हणून राइडच्या आधी पेनकिलर खाणारे लोक माझ्या ओळखीत तीन आहेत. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या, त्यात अंगात पाणी कमी, हे किडनीला खरंच त्रासदायक आहे. वरून किडनी बेल्ट आवळायचा आणि आतून किडनीवर गोळ्यांचा मारा, काय बोलणार.

६. तरीही घ्यायचा असेल तर

दुकानात जाताना हे घेऊन जा:

- शिंप्याचा कापडी टेप
- राइडला जे जॅकेट आणि टीशर्ट घालता तेच
- जमलं तर गाडीच. पार्किंगमध्ये गाडीवर बसून ट्राय करू द्या म्हणा, बरेच जण देतात

माप पॅंटच्या साइजवरून घ्यायचं नाही, हाच पहिला घोळ. पॅंट आपण बेंबीच्या खाली घालतो. पट्ट्यासाठी बेंबीच्या लेव्हलला टेप फिरवायचा, टीशर्टवरून, पोट आत न ओढता. मी पोट आत ओढून मोजलं होतं, इंचटेपसमोर कसली इज्जत राखायची होती देव जाणे. दोन साइजच्या मध्ये असाल तर मोठी घ्या.

उंची बघा. मागचा भाग रुंद, पुढचा अरुंद असा हवा. आणि उभं राहून बरोबर वाटलं तरी बसून बघा, कारण बसल्यावर कमरेचं हाड आणि बरगडी यातलं अंतर कमी होतं आणि पुढे वाकलं की पट्ट्याची कड बरगडीत नाहीतर मांडीत रुतते. बुटक्या धडाच्या माणसाने अरुंद पट्टाच घ्यावा.

मेडिकलमध्ये मिळतो तो एलएस बेल्ट (लंबो-सॅक्रल, म्हणजे कंबरदुखीचा पट्टा) आणि हा एक नव्हे. गोळे कॉलनीत तो स्वस्तात मिळतो म्हणून बरेच जण तोच उचलतात. त्यात मागे धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या असतात, माणसाने वाकू नये म्हणून. गाडीवर तर वाकायचंच असतं, त्या पट्ट्या टोचतात, आणि पडलात तर मणक्याला लागून धातूची पट्टी असणं काही बरं नाही.

प्रोटेक्शन हा शब्द दिसला म्हणून फसू नका. साधा इलॅस्टिकचा पट्टा मार झेलत नाही, अजिबात नाही. मार झेलणाऱ्या पाठीच्या प्रोटेक्टरवर ईएन १६२१-२ (युरोपचं सेफ्टी स्टॅंडर्ड) असं लिहिलेलं असतं, त्यात लेव्हल १ आणि लेव्हल २, लेव्हल २ म्हणजे जास्त धक्का शोषणारा. काही कमरपट्ट्यांना असा मान्यतेचा कमरेचा पॅड असतो, त्या लेबलवर एलबी अशी अक्षरं असतात. लेबल नसेल तर तो नुसता फोम. हेच तुमच्या जॅकेटच्या पाठीलाही लागू आहे बरं का, बऱ्याच जॅकेटमध्ये पाठीच्या खिशात पातळ फोम घालून देतात, काढून बघा एकदा. पैसे एकाच गोष्टीला असतील तर पट्टा सोडा आणि तो फोम बदलून खरा प्रोटेक्टर टाका. आणि हेल्मेट आयएसआयचं नसेल तर हा लेख इथेच बंद करून आधी ते आणा.

बिल घ्या, आणि साइज बदलून मिळेल का ते पैसे द्यायच्या आधी विचारा. मी नंतर विचारलं. उत्तर तुम्हाला कळलं असेलच.

७. लावायचा कसा

टीशर्टवरून, जॅकेटच्या आत. उघड्या अंगावर लावला तर आपल्या उन्हाळ्यात दोन तासांत घामोळ्या. एप्रिल-मे मध्ये मी तर पट्टा घरीच ठेवतो.

खालची कड कमरेच्या हाडावर टेकवा, रुंद भाग मागे मधोमध, नाव सुलटं (हो). मग गाडीवर बसून वेलक्रो लावा, उभं राहून नाही. पट्ट्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि खोल श्वास अडायला नको. जास्त आवळला की जास्त आधार असं आपल्याला वाटतं. मी एकदा भरपेट मिसळ, वर जादा रस्सा आणि ताक, लगेच पट्टा गच्च आवळून वणीच्या गडाकडे निघालो. दिंडोरीच्या पुढे गाडी बाजूला घेतली आणि पुढचं लिहीत नाही. खाल्ल्यावर अर्धा तास पट्टा ढिला, आणि कुठेही थांबलात की वेलक्रो उघडायचा.

गाडीवरून उतरल्यावर ऑफिसात, घरी तो लावून बसू नका. मी काही दिवस दिवसभर लावायचो, बरं वाटायचं म्हणून. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी झापलं, की सगळं काम पट्ट्याला दिलंत तर पोटा-पाठीचे स्नायू काय करणार. त्यांनी प्लॅंक, ब्रिज आणि मांजरासारखी पाठ वरखाली करायचा व्यायाम दिला, रोज दहा मिनिटं. कंटाळवाणा आहे, पण फरक महिन्याभरात कळला.

८. पडलात किंवा दुखलं तर

कुशीवर किंवा पाठीवर पडलात, हॅंडल पोटात घुसलं, आणि नंतर लघवी लालसर किंवा चहाच्या रंगाची झाली: त्याच दिवशी हॉस्पिटल. दुखत नसलं तरी. पट्टा होता म्हणून काही झालं नसेल असं समजून घरी बसायचं नाही. कुशीत वाढत जाणारं दुखणं, चक्कर, घाम फुटणं, पोट कडक होणं, यातलं काही असेल तर उद्याची वाट बघायची नाही.

कंबरदुखीसोबत थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ झाली तर ते इन्फेक्शन असू शकतं, त्याचा गाडीशी संबंध नसेलही. आणि कंबरदुखीबरोबर पाय बधिर पडतायत, दोन्ही मांड्यांच्या मध्ये मुंग्या येतायत किंवा लघवी-संडासवर ताबा राहत नाहीये, तर सरळ इमर्जन्सीला जा, हाडवैद्याकडे किंवा मालिशवाल्याकडे नाही.

९. धुणं

दोन-तीन राइडला एकदा धुवा, नाहीतर पुढच्या वेळी हेल्मेटच्या आतपर्यंत वास येतो. कोमट पाणी, साधी पावडर, हाताने. पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा, कडक उन्हात आणि इस्त्रीखाली इलॅस्टिक मरतं. आणि पाण्यात टाकायच्या आधी वेलक्रो आपापसात चिकटवून बंद करायचा. मी तो एकदा तसाच उघडा मशीनमध्ये टाकला होता, आईच्या दोन सुती साड्यांबरोबर. त्यातल्या एका साडीची आता गोधडी झालीये.